हौसेला मोल नाही, पण मालक आहे

कोपर हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील एक आगळे स्थानक आहे. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग खालून जातो आणि दिवा-वसई मार्ग त्याच्या डोक्यावरून जातो. सकाळी खालच्या फलाटावर जी गर्दी उभी असते ती कारकून, तंत्रज्ञ, परिचारिका, दुकानांतील विक्रेते आणि घरोघर माल पोहोचविणारी मुले यांची. या मार्गावरील प्रवाशांची एक पिढी पत्ते खेळत कामाला गेली. चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवावी, तीवर वर्तमानपत्र पसरावे आणि डोंबिवलीला पिसलेला डाव भायखळ्याच्या आसपास आटपावा, असा तो रिवाज होता. रमी, मेंढीकोट, पाच-तीन-दोन हे त्या डब्यांतील खेळ. त्यांच्या बावन्न पानांवर कोणाची मालकी नव्हती. नियमही कोणा कंपनीने घालून दिलेले नव्हते. ते थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आणि जुन्या प्रवाशाकडून नव्याकडे आले होते.

आज त्याच फलाटावरील तरुणाच्या हाती मोबाइल आहे, आणि त्या मोबाइलवरील पत्त्यांचा खेळ बहुधा कोणा कंपनीच्या मालकीचा आहे. अशा एखाद्या खेळाचे वेड असलेली मंडळी एकत्र येतात, त्या खेळाला वाहिलेले संकेतस्थळ चालवितात आणि त्यासाठी लेखक हवेत असे आवाहन करतात. आवाहनाचा मसुदा साधारणतः ठरलेला असतो. खेळाची जाण हवी. लेख नेमाने आणि वेळेवर द्यावा लागेल. मानधन मिळणार नाही, परंतु नाव छापले जाईल, अनुभव मिळेल आणि समानधर्मी मित्र मिळतील. एखादा तरुण या हाकेला ओ देतो आणि रात्री जेवणानंतर दीड-दोन हजार शब्द लिहून पाठवितो.

चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हा सारा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. बेकारी, महागाई, कंत्राटी कामगारांचे प्रश्न समोर असताना पत्त्यांच्या खेळावर लिहिणाऱ्या मुलांची चिंता कशाला वाहावयाची, असा प्रश्न ते विचारतील. परंतु श्रम, मोबदला आणि मालकी यांचा परस्परसंबंध हा जर समाजवादी विचाराचा गाभा असेल, तर तो संबंध जेथे नवे रूप धारण करतो तेथे दृष्टी वळविलीच पाहिजे. कारखान्याच्या दारावर पहारेकरी असतो, हजेरीपट असतो, भोंगा असतो. या नव्या कामाला दारही नाही आणि भोंगाही नाही. म्हणूनच ते अधिक बारकाईने तपासावयास हवे.

खेळ कोणाचा?

या प्रकारच्या खेळांचा आद्य नमुना म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेतील ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने बाजारात आणला. बावन्न पानांचा एक जोड घेतला की जन्मभर पुरला, ही पत्त्यांची जुनी रीत येथे मोडली. पाने बंद पाकिटांतून विकली जातात. आत कोणते पान निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. आणि नव्या पानांच्या मालिका वर्षातून अनेकदा निघत राहतात. १९९९ साली ‘हॅस्ब्रो’ या खेळणी बनविणाऱ्या मोठ्या कंपनीने ‘विझार्ड्स’ला विकत घेतले. २०२२ साली या एका खेळापासूनचे उत्पन्न शंभर कोटी डॉलरवर पोहोचले. २०१४ साली निघालेला ‘हार्थस्टोन’ हा संगणकावरील व मोबाइलवरील खेळ त्याच घराण्यातला.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातही ‘पूरक वस्तू’ या नावाचे एक प्रकरण असते. चहा स्वस्त झाला की साखरेची मागणी वाढते. जी वस्तू दुसऱ्या वस्तूबरोबरच उपयोगी पडते, ती जितकी स्वस्त तितका दुसऱ्या वस्तूच्या विक्रेत्याचा लाभ अधिक. ज्या खेळाची नियमावली शेकडो पृष्ठांची आहे आणि ज्याची पाने हजारोंनी मोजावी लागतात, त्या खेळाची पूरक वस्तू म्हणजे त्यासंबंधीचे ज्ञान. कोणते पान प्रबळ, कोणती जोडी घातक, नव्या मालिकेने जुन्या डावपेचांचे काय केले, हे समजावून सांगणारा कोणी नसेल तर नवशिक्या भांबावून जाईल आणि पुढचे पाकीट विकत घेणार नाही. हे ज्ञान पुरविणारे लेखक कंपनीने पगारावर नेमले तर तो खर्च तिच्या हिशेबात दिसेल. तेच ज्ञान हौशी लेखकांनी शून्य किमतीत पुरविले, तर खर्च नाहीसा होतो आणि विक्री मात्र तशीच राहते. शिवाय ज्या जागी हे लेख प्रसिद्ध होतात त्या जागेच्या मालकाला जाहिरातींचे उत्पन्न मिळते, ते वेगळेच.

म्हणजे कोपरमधील तरुणाने रात्री अकरा वाजता लिहिलेल्या दोन हजार शब्दांतून मूल्य निर्माण होते, यात शंका नाही. ते त्याच्या हाती येत नाही, यातही शंका नाही. मग याला सरळ शोषण म्हणून मोकळे का होऊ नये?

येथे घाई करणे बरोबर ठरणार नाही. जमीनदाराच्या वेठीला जाणारा माणूस भीतीपोटी जात असे. या तरुणाला कोणाची भीती नाही. तो ज्या कचेरीत किंवा गोदामात दिवस घालवितो तेथे त्याचे मत कोणी विचारीत नाही. येण्याजाण्याचा वेळ धरला तर बारा-बारा तास घराबाहेर काढल्यावर, ज्या कामात त्याची बुद्धी, त्याची निवड आणि त्याचे नाव यांना स्थान आहे असे दिवसातील एकमेव काम म्हणजे हे लेखन. कामगाराचे श्रम त्याला परके होतात, हे मार्क्सचे विश्लेषण त्या तरुणाच्या दिवसाच्या नोकरीला लागू पडते. रात्रीचे लेखन मात्र त्याला आपले वाटते. त्याला ‘लिहू नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याच्या जीवनातील मोकळ्या श्रमाचा तेवढा तुकडाही काढून घेणे होय. प्रत्येक हौशी ओळीला मजुरी मागणे हाही मार्ग नव्हे. तसे केल्यास हौसही बाजारात उभी राहील. श्रमातील आनंद खरा आहे. तपासावयाचे आहे ते त्या श्रमाचे फळ कोणाच्या कोठारात जाते हे.

रक्तदानाचा धडा

या प्रश्नावर विचार करताना रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदानाची अमेरिकेतील रक्तविक्रीशी तुलना केली. पैशासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार लपवितो, म्हणून विकतचे रक्त अधिक धोक्याचे ठरते. आणि ज्या समाजात अनोळखी माणसासाठी काही देण्याची सोय असते तो समाज अधिक सुदृढ राहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. केनेथ ॲरो या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यातील तर्कावर आक्षेप घेतले, आणि तो वाद अर्थशास्त्रात गाजला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली.

टिटमस यांच्या विवेचनात एक गृहीत दडलेले आहे. दात्याने दिलेले रक्त ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे जात होते आणि रुग्णाला विनामूल्य मिळत होते. दान घेणारा विक्रेता नव्हता. समजा, शिबिरात कार्यकर्त्यांनी दिलेले रक्त कोणी खाजगी व्यापारी चढ्या भावाने विकू लागला, तर पुढच्या शिबिराला कोण येईल? दात्याच्या मनातील भावना तीच राहील, परंतु त्या भावनेतून घडणारा सामाजिक व्यवहार पालटेल. दान हे केवळ देणाऱ्याच्या हेतूने दान ठरत नाही. घेणारा त्याचे काय करतो यावरही ते अवलंबून असते. हौशी लेखकाच्या श्रमाला हीच कसोटी लावावयास हवी.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील काही प्रसंग या कसोटीवर पारखून पाहण्यासारखे आहेत. १९९० च्या दशकात ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीच्या सेवेत हजारो स्वयंसेवक सभासदांच्या चर्चांची देखरेख करीत. त्यांना सवलतीत जोडणी मिळे. मात्र ठरावीक तास भरावे लागत आणि कामाचे अहवाल द्यावे लागत. १९९९ साली त्यांतील काहींनी दावा लावला: हजेरी आहे, अहवाल आहे, वरिष्ठ आहे, तर वेतन का नाही? अकरा वर्षांनी, २०१० साली, तो दावा सुमारे दीड कोटी डॉलर भरपाई देऊन मिटविण्यात आला. २०१६ साली ‘मॅजिक’च्या स्पर्धांत पंच म्हणून काम करणाऱ्या काही जणांनीही, आपण स्वयंसेवक नसून कामगार आहोत असे म्हणून, कंपनीविरुद्ध अमेरिकी न्यायालयात दावे गुदरले.

दुसरा प्रसंग ‘हफिंग्टन पोस्ट’चा. या प्रकाशनासाठी असंख्य लेखकांनी विनामोबदला लिहिले. २०११ साली मालकांनी ते साडेएकतीस कोटी डॉलरना विकले. लहान मुलांच्या भिकार-सावकार या खेळात एकाच्या पानाशी दुसऱ्याचे पान जुळले की मधला सगळा ढीग एकाच्या हाती जातो. तसा हा व्यवहार झाला. लेखकांच्या वतीने जोनाथन टासिनी या कामगार नेत्याने साडेदहा कोटी डॉलरचा दावा लावला. २०१२ साली न्यायालयाने तो फेटाळला. पैसे मिळणार नाहीत हे लेखकांना आरंभापासून ठाऊक होते, तेव्हा विक्रीनंतर वाटा मागता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. निकाल कडू आहे, परंतु त्यातील बोध महत्त्वाचा आहे. मालकीचा प्रश्न डाव मांडतानाच विचारावा लागतो. डाव संपल्यावर विचारून उपयोग नसतो.

तो प्रश्न वेळेवर विचारणारेही निघाले. २००२ च्या आरंभी विकिपीडियावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच स्पॅनिश भाषेतील लेखकांनी आपले सर्व लेखन उचलले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतंत्र ज्ञानकोश उभारला. एका अर्थाने तो लेखकांचा संपच होता. विकिपीडियावर जाहिराती आल्या नाहीत, आणि २००३ साली तो नफ्यासाठी नसलेल्या प्रतिष्ठानाच्या हाती गेला. लेखन घेऊन बाहेर पडणे त्यांना शक्य झाले, कारण ज्या परवान्याखाली ते लिहीत होते तो परवानाच मजकुरावर कोणाची एकाधिकारी मालकी होऊ देत नव्हता.

खेळांच्या क्षेत्रातील उदाहरण ‘फँडम’ या कंपनीचे आहे. २००४ साली निघालेल्या या कंपनीने अनेक खेळांचे चाहत्यांनी लिहिलेले कोश आपल्या छत्राखाली आणले. २०१८ साली तिने ‘गेमपीडिया’ हे प्रतिस्पर्धी भांडारही विकत घेतले. जाहिरातींच्या गर्दीला कंटाळून २०२३ साली ‘वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या कोशाचे लेखक तेथून बाहेर पडले आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटले. मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने त्यांना तो नेता आला. मात्र जुन्या जागी जुनी प्रत आणि जुनी पाटी तशीच राहिली, आणि वाटसरू पाटी पाहूनच आत शिरतो. तेव्हा मजकूर नेण्याचा हक्क आवश्यक आहे, पण तेवढा पुरेसा नाही, हेही या उदाहरणाने दाखविले.

त्याच २०२३ च्या जानेवारीत ‘विझार्ड्स’ कंपनीने आपल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या दुसऱ्या खेळाचा, चाहत्यांना लेखनाची मुभा देणारा जुना परवाना पालटण्याचा घाट घातला. चाहत्यांनी एकजूट केली, वर्गण्या बंद केल्या. महिना संपण्यापूर्वी कंपनीने माघार घेतली आणि खेळाच्या मूळ नियमांचा मजकूर खुल्या परवान्याखाली सर्वांच्या हवाली केला. विखुरलेल्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या हौशी मंडळींनी एका बलाढ्य कंपनीला नमविले, ही घटना संघटनेवर श्रद्धा असणाऱ्यांनी तरी दुर्लक्षू नये.

कायद्याचे कुंपण

आपल्याकडील कायदा या बाबतीत काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेले लेखन वगळता, लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. मानधन न घेणारा स्वयंसेवक हा नोकर नव्हे. म्हणून मालकी त्याचीच. एकोणिसाव्या कलमानुसार हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी आणि स्वाक्षरीचा दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते; क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. सत्तावन्नाव्या कलमाने, हक्क दिल्यानंतरही, लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या लेखनाची विटंबना रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच ठेवला आहे. परदेशी कंपनीच्या लांबलचक अटींवर ‘मान्य’ असे बोट टेकविल्यावर यातले किती पदरात पडेल हा वादाचा विषय आहे. परंतु ज्याला आपल्या हाती काय आहे हेच ठाऊक नाही तो वाद तरी कशाच्या बळावर घालणार?

कामगार कायद्याने मात्र या तरुणाची दखलच घेतलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. मंचांमार्फत काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तिच्यात तरतूद आहे, आणि ज्या उद्योगांना ती लागू आहे त्यांच्या यादीत मजकूर व माध्यमसेवाही आहेत. परंतु या रकमेवर मर्यादा आहे: कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून ती अधिक असणार नाही. शून्याचे पाच टक्के शून्यच. शिवाय त्या संहितेतील व्याख्येप्रमाणे कामगार तोच, जो कामातून काही मिळवितो. ज्याला काहीच मिळत नाही तो व्याख्येबाहेर पडतो. ज्याचा मोबदला सर्वांत कमी त्याचे संरक्षणही सर्वांत कमी, असा हा न्याय आहे.

मराठी परंपरेचा दाखला

विनामोबदला लेखन ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ साप्ताहिक चालविले ते पदरमोड करून. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १८९० साली ती मिळाली. मोकळा वेळ ही निसर्गाने दिलेली देणगी नव्हती. ती लढून मिळविलेली गोष्ट होती. आज तो रविवार कोणी हिरावून घेत नाही. तो गोडीगुलाबीने मागून घेतला जातो आणि देणाराही तो आनंदाने देतो. लोखंडे यांच्या काळी मालक उघड होता. आज तो शोधावा लागतो, एवढा फरक.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश हे दुसरे उदाहरण. तेवीस खंडांचे हे काम उभे करण्यासाठी केतकरांनी मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळविण्यासाठी ते हिंडले, आणि मंडळाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला. कंपनी होती, पण व्यवहार झाकलेला नव्हता. पैसा कोठून आला आणि कशासाठी खर्च झाला हे वाचकाला समजू शकत होते. केतकर १९३७ साली निवर्तले. मृत्यूनंतरची साठ वर्षांची कायदेशीर मुदत केव्हाच संपली असून आज ते सर्व खंड सर्वांना विनामूल्य वाचता येतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही विनावेतन लेखकांच्याच बळावर उभा आहे. तेथील मजकूर कोणीही वापरावा. अट एवढीच की श्रेय द्यावे आणि पुढे जे घडेल तेही तसेच खुले ठेवावे. श्रमदान म्हणावयाचे ते याला. गावकऱ्यांनी खणलेल्या विहिरीचे पाणी गावालाच मिळावे, ही श्रमदानाची मूळ अट येथे पाळली जाते.

या सर्व विवेचनातून तीन अटी निघतात. पहिली, लिहिलेल्या मजकुराची मालकी लेखकाकडे किंवा खुल्या परवान्याने सर्वांकडे राहिली पाहिजे. दुसरी, लेखकांना एकत्रितपणे, आपल्या सर्व लेखनासह आणि शक्य तर नावासह, बाहेर पडण्याचा हक्क असला पाहिजे. तिसरी, जाहिरातीचे वा अन्य उत्पन्न असेल तर त्याचा हिशेब लेखकांसमोर ठेवला गेला पाहिजे; आणि जेथे मुदत, तास व वरिष्ठाचा हुकूम आला तेथे वेतनही आले पाहिजे. या अटी मान्य असतील तर पत्त्यांच्या खेळावर खुशाल लिहावे, रात्र जागवून लिहावे. मान्य नसतील, तर आवाहन करणाऱ्याला तोंडावर विचारावे की तुम्हाला लेखक हवे आहेत की फुकट कामगार?

चळवळीने शिकावयाचे

आता हाच आरसा आपल्याकडे वळविणे प्राप्त आहे. पक्षाच्या प्रत्येक बैठकीत एक तक्रार नित्य ऐकू येते: तरुण लिहीत नाहीत, वाचीत नाहीत, त्यांना कशाचेच सोयरसुतक उरलेले नाही. पत्त्यांच्या खेळावरील एका लेखासाठी शेकडो डावांची टिपणे ठेवणारा, शक्याशक्यतेचे गणित मांडणारा आणि चूक दाखविणाऱ्या वाचकाला सविस्तर उत्तर देणारा तरुण पाहिला की ही तक्रार टिकत नाही. अभ्यासाची तयारी आहे, चिकाटी आहे, मोबदल्याविना काम करण्याची वृत्तीही आहे. मग तो माथाडी मंडळाच्या कारभारावर, औद्योगिक वसाहतीतील अपघातांवर किंवा कोपरच्या फलाटावरील गर्दीवर का लिहीत नाही?

याचे उत्तर कटू आहे. तेथे नवख्याचा लेखही वाचला जातो. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्यावर बोलतो, चूक दाखवितो, शाबासकी देतो. त्याचे नाव लेखावर असते. आपल्याकडे तरुणाने पाठविलेला लेख कित्येकदा महिनोन्‌महिने पडून राहतो. पोहोचही जात नाही. पत्रके तो लिहितो आणि खाली नाव नेत्याचे लागते. सतरंज्या घालणे, खुर्च्या मांडणे, घोषणा देणे ही कामे त्याची. भूमिका ठरविणे हे काम दुसऱ्याचे. स्वयंसेवकाच्या श्रमावर कंपनी उभी राहिली तर आपण तिला नफेखोर म्हणतो. स्वयंसेवकाच्या श्रमावर एखाद्याचे पुढारीपण उभे राहिले तर त्याला काय म्हणावयाचे? वर सांगितलेल्या तीन अटी चळवळीच्या संस्थांनाही लागू कराव्या लागतील: लेखनावर नाव लिहिणाऱ्याचे, निर्णयात वाटा राबणाऱ्याचा आणि हिशेब सर्वांसमोर.

आणि खेळांवर लिहावयाचेच असेल, तर कोणा कंपनीच्या मालकीची नसलेली पानेही महाराष्ट्रात आहेत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ही एकशेवीस गोल पानांची: दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला अस्तंगत होण्याच्या बेतात असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेऊन पुन्हा उभी केली. पाने वाचली, परंतु ती आज बहुतांशी भिंतीवर टांगण्यासाठी आणि काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी विकली जातात, खेळणारे विरळा. लोकलमधील मेंढीकोटाचे गावोगावचे पाठभेद, कोकणातील आणि वऱ्हाडातील नियमांतील फरक, हेही कोणी संगतवार मांडलेले दिसत नाहीत. जे हात परक्या कंपनीच्या पानांवर हजारो शब्द लिहितात, त्यांनी यातील चार पाने लिहिली तर ती कोणाच्या ताळेबंदात जाणार नाहीत, सर्वांच्या हाती राहतील. अर्थात हा उपदेश म्हणून सांगण्याचा अधिकार त्यालाच, जो त्या तरुणाचे लेखन आधी वाचील.

पुढच्या आठवड्यात कोपर, डोंबिवली, कळवा येथील शाखांत नवे सभासद नोंदविण्यासाठी जे कार्यकर्ते घरोघर जातील, त्यांनी एवढे अवश्य करावे. घरातील मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर काय खेळते हे हसण्यावारी न नेता विचारावे. त्या खेळावर काही लिहिले असेल तर ते वाचावे. आणि मग, तुझ्या या लेखनाचा मालक कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. वरकड मूल्यावरील व्याख्यानापेक्षा या एका प्रश्नाने अधिक काम होईल, कारण त्याचे उत्तर शोधताना ती मुले स्वतःच्याच श्रमाचा हिशेब मांडू लागतील.